वैजयंताची दाढ

"नक्की कुठला दात दुखतोय तुमचा?" वैजयंतानं विचारलं तेव्हा मी उजवा गाल धरून बसलो होतो. आंघोळीआधी डावा धरला होता, हे माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. तिच्या राहिलं होतं.

"उजवाच," मी म्हणालो. "कळ डावीकडं जाते अधनंमधनं."

"बरं," ती म्हणाली आणि भाकरीचा तुकडा चहात बुडवून मऊ करायला लागली. मऊ झाल्यावर तो डाव्या बाजूनं हळूहळू चावला. लसणीच्या चटणीची वाटी तिनं माझ्याकडं सरकवली होती. ती मी बोटानं पुसून खाल्ली.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही विट्यात राहायचो. मी अजून तिथंच आहे. माझी पिठाची गिरण होती. मुलगी शालन लग्न होऊन साताऱ्याला गेलेली, घरात आम्ही नवराबायको दोघंच. माझ्या दाताला काहीही झालेलं नव्हतं. दुखत होतं ते वैजयंताला.

तिच्या उजव्या गालात आतून जखम झाली होती. ती मी बघितली नव्हती, कारण ती दाखवत नव्हती. पण तिखट लागलं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि दोन महिने ती एकाच बाजूनं जेवत होती. विचारलं की सांगायची, जीभ चावली. रोज कुणाची जीभ चावते?

त्यात तिला मिसरीची सवय. तव्यावर तंबाखू भाजायची, कुस्करून डबीत भरायची आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ बोटानं दातांना लावत बसायची. मी तिला टोचून बोलायचो. म्हणायचो, तुझ्या तव्यावर भाकरीपेक्षा तंबाखूच जास्त भाजली जाते. ती पदर तोंडाला लावून हसायची आणि डबी कमरेला खोचायची. शालननं सांगून बघितलं, मी रागावून बघितलं. तिनं काही सोडली नाही.

माझ्या थोरल्या भावाला गालात असंच सुरू झालं होतं. तो तंबाखू खायचा. त्यानंही जीभ चावली असंच सांगितलं होतं. आम्ही त्याला मिरजेला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. पुढचं सगळं मी जवळून बघितलं. त्यामुळं वैजयंता भाकरी भिजवायला लागली की मला घास उतरायचा नाही. हे तिला सांगायची सोय नव्हती.

दाताच्या डॉक्टरकडं चल म्हटलं की ती म्हणायची, एकदा बसले तेवढं पुरे. शालन अंगावर पीत होती तेव्हा वैजयंताची दाढ फार दुखायला लागली होती. तेव्हा गावात दाताचा डॉक्टर नव्हता. आठवड्याच्या बाजारात एक माणूस यायचा, चटईवर सांडशी आणि काढलेल्या दातांचा ढीग मांडून बसायचा. त्याच्याकडं मीच तिला नेलं होतं. दात निघाला, दुखणं थांबलं. पण त्यानंतर तिनं कुणाला तोंड उघडून दाखवलं नाही.

मग विट्यात मगदूम डॉक्टरीणबाई आल्या. शालनच्याच वयाच्या. त्यांचं दळण माझ्याकडं असायचं. एकदा पीठ न्यायला आल्या तेव्हा मी त्यांना विचारलं, घाबरणारं माणूस असेल तर काय करावं. त्या म्हणाल्या, नुसतं बघायला आणा. दुसऱ्याचं बघितलं की निम्मी भीती जाते.

दुसरा कोण आणायचा? म्हणून माझा दात दुखायला लागला.

"सोबत म्हणून येते," वैजयंता म्हणाली. "मी बसणार न्हाई. आधीच सांगून ठेवते."

मी कबूल केलं. दवाखाना चालत जाण्याइतका जवळ होता. मारुतीच्या देवळापर्यंत ती माझ्या गालाकडं बघत चालली. मग म्हणाली, "दात दुखणारा माणूस लसणीची चटणी पुसून खातो व्हय?"

मी पुढं बघून चालत राहिलो.

"गप झालात. कळ डावीकडं गेली वाटतं."

दवाखान्यात गेल्यावर तिनं आधी वास घेतला. तिला बहुतेक लवंगेच्या तेलाचा आणि रक्ताचा वास अपेक्षित होता. तिथं कसलाच वास नव्हता. खुर्ची होती, खुर्चीसमोर टीव्हीसारखा पडदा होता, आणि बाजूला सोबतच्या माणसाला बसायला स्टूल होतं. वैजयंता स्टुलावर बसली. पिशवी मांडीवर धरली आणि पदर तोंडावर ओढून घेतला.

मला खुर्चीत निजवल्यावर डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट दोनदा सांगितली. "काका, दुखलं तर डावा हात वर करा. दुखलं नाही, नुसतं नको वाटलं, तरी करा. मी लगेच थांबते."

मग त्यांनी पेनाएवढा कॅमेरा माझ्या तोंडात घातला. पडद्यावर माझे दात दिसायला लागले, एकेक वाटीएवढा. मी जन्मात माझी मागची दाढ बघितली नव्हती. वैजयंता स्टूल पुढं सरकवून बघत होती.

"एवढाल्या दाढा हायत," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "म्हणून दोन माणसांचं जेवतात."

मी सांगितलेल्या उजव्या दाढेवर बाईंनी गार कापूस लावला, बारीक ठोकून बघितलं, मग एक छोटी पट्टी दाढेमागं धरून एक्सरे काढला. तो धुवायला वगैरे कुठं न्यावा लागला नाही. पडद्यावर लगेच उमटला. त्यांनी तो मोठा केला, अजून मोठा केला, आणि विचारात पडल्या.

"काका, ही दाढ एकदम ठणठणीत आहे. मुळापर्यंत काही नाही. नक्की हीच दुखते?"

"कळ हिंडती त्यांची," वैजयंता म्हणाली आणि वर पंख्याकडं बघायला लागली.

मी खोटं निभावून न्यायला डावीकडं बोट दाखवलं. बाईंनी तिकडचाही एक्सरे काढला. आणि तिथं वरच्या दोन दाढांच्या फटीत काळी सावली निघाली. कीड आत शिरली होती. कॅमेऱ्यातून दात पांढराशुभ्र दिसत होता. बाई म्हणाल्या, ही बाहेरून कळत नाही, अजून काही महिन्यांनी मात्र रात्रभर जागवलं असतं. आज भरून टाकू, लहान आहे तोवर.

मी सोंग घेऊन गेलो होतो आणि आता खरोखरच खुर्चीत अडकलो. आधी त्यांनी हिरडीला मलम लावलं. ते चढल्यावर सुई. सुईसुद्धा हातानं दाबायची नव्हती. एक मशीन नळीतून औषध थेंबाथेंबानं सोडत होतं. मी डोळे मिटून वाट बघत होतो, आणि बाई म्हणाल्या, झालं टोचून. मग दाढ कोरली. आवाज आला, पण गिरणीत जन्म गेलेल्या माणसाला तो आवाज म्हणजे काहीच नव्हे. मधे एकदा मान अवघडली म्हणून मी डावा हात वर केला. आवाज तिथल्या तिथं बंद झाला. बाईंनी हत्यार बाहेर काढलं, मी मान हलवली, मग पुन्हा सुरू केलं.

दाढ भरून झाल्यावर निळा उजेड लावून ती टणक केली. मी उठून बसलो. गाल बधिर होता, बाकी काही नव्हतं. आता वैजयंताला बस म्हणावं की नको, याचा विचार करत होतो, तोवर तीच बोलली. पण माझ्याशी नाही.

"बाई, त्यांनी हात वर केला तवा तुम्ही थांबला."

"हो."

"सगळ्यांचंच थांबता?"

"सगळ्यांचं थांबते, मावशी."

वैजयंतानं पदर तोंडावरून खाली घेतला. मग पिशवी माझ्याकडं दिली. "नुसतं बघायचं असलं तर बघा," ती म्हणाली. "त्यो कॅमेराच. दुसरं काय न्हाई."

खुर्चीत ती पाठ टेकून बसलीच नाही आधी. बाईंनी घाई केली नाही. मग ती टेकली, तोंड थोडं उघडलं, आणि कॅमेरा ओठाशी येतो न येतो तोच तिनं डावा हात वर केला. बाई थांबल्या. हात खाली आला. कॅमेरा आत गेला, लगेच पुन्हा हात वर. बाईंनी कॅमेरा बाहेर घेतला. असं तीनदा झालं. मला वाटलं, ही आता उठणार. पण तिला काही दुखत नव्हतं. ती नुसती बघत होती, बाई खरंच थांबतात का. चौथ्यांदा तिनं हात पोटावर ठेवला आणि तोंड मोठं उघडलं.

पडद्यावर तिचा गाल आतून दिसला. मधे लालभडक जखम आणि तिच्या कडेनं पांढरट चट्टा. माझ्या भावाचा गाल मला आठवला आणि मी पिशवीचे बंद धरून बसलो. बाईंचा चेहरा बदलला नाही. त्यांनी कॅमेरा जरा खाली वळवला. तिथं एका दाताची जागा रिकामी होती, आणि तिच्या मागं एक तुटकी दाढ होती. दाढ कसली, नुसता खुंट. त्याची कड धारदार होती, आणि ती कडच गालाला घासत होती.

त्यांनी एक्सरे काढला. त्या खुंटाचं मूळ खाली हाडात रुतलेलं दिसत होतं आणि मुळाच्या टोकाशी काळा गोल डाग होता.

"हे खूप जुनं आहे," त्या म्हणाल्या. "मुळाखाली पू होऊन हाड झिजलंय. मावशी, ही दाढ वर्षानुवर्षं अधूनमधून ठणकत असणार. आणि शेजारची जागा रिकामी आहे, तिथला दात का काढला होता?"

उत्तर मला माहीत होतं, म्हणून मीच दिलं. म्हणालो, तोच किडला होता. तो काढल्यावर दुखायचं थांबलं.

बाईंनी माझ्याकडं बघितलं, मग एक्सरेकडं. वैजयंतानं हात वर केला. बाईंनी कॅमेरा बाजूला ठेवला आणि खुर्ची सरळ केली.

"दुखत होती ती ही," वैजयंता म्हणाली. "काढला तो चांगला दात हुता."

मी म्हणालो, असं कसं होईल, मी तिथंच होतो.

"व्हय. तुम्ही माझं हात धरलं हुतं."

ते खरं होतं. बाजारातला माणूस म्हणाला होता, बाई हलेल, दोन्ही हात घट्ट धरा. मी मागं उभा राहून धरले होते.

"मी मान हलवत हुते," ती म्हणाली. "सांडशी तोंडात, बोलायचं कसं? एक हात सुटला असता तर बोटानं दाखवलं असतं, की ही न्हाई, पलीकडची. तुम्ही म्हणत हुता, भिऊ नगो, झालंच."

हे ती तक्रारीच्या सुरात बोलली नाही. एखादी जुनी वाट कुठून गेली होती ते सांगावं, तसं सांगितलं. बाईंनी विचारलं, मग इतकी वर्षं हे दुखणं सोसलं कसं?

"मिसरीनं," वैजयंता म्हणाली. "दाढंवर दाबून धरली की बधिर व्हायचं. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं हुतं. त्याआधी मी कधी लावत नव्हते."

मी आठवून बघितलं. शालन पोटात असताना तिच्या कमरेला डबी होती का? नव्हती. लग्नात नव्हती. मला वाटत होतं ती माहेराहून सवय घेऊन आली. इतकी वर्षं मी तिला त्या डबीवरून बोलत होतो.

बाईंनी तिला सगळं समजावून सांगितलं, मला नाही, तिलाच. खुंट काढला तर घासणं थांबेल. त्यानंतर जखम भरते का बघायचं, पण वाट बघत बसायचं नाही. चट्ट्याचा बारीक तुकडा मिरजेला तपासून घ्यायचा. मिसरी आजपासून बंद. खुंट आजही काढता येईल, नाहीतर पुढच्या आठवड्यात. तुम्ही म्हणाल तसं.

"कुठला काढणार?" वैजयंतानं विचारलं.

बाईंनी पडद्यावर बोट ठेवून दाखवला. मग छोटा आरसा तिच्या हातात दिला आणि तोंडात तोच खुंट दाखवला. वैजयंतानं स्वतःच्या बोटानं त्याला हात लावला. "हाच," ती म्हणाली. "काढा मग आजच."

बाईंनी तिचं ब्लड प्रेशर तपासलं. मलम लावायला घेतलं तेव्हा मी उठलो. मला तिथं थांबायचं धैर्य नव्हतं. वैजयंतानं मान वळवली.

"कुठं निघाला? हितंच बसा," ती म्हणाली. "हात तेवढं धरू नका."

मी स्टुलावर बसलो. माझे हात मी माझ्याच गुडघ्यांवर ठेवले. सुईच्या वेळी तिनं हात वर केला, बाई थांबल्या. खुंट हलवताना एकदा केला, बाई थांबल्या. त्यांनी विचारलं, दुखलं का? तिनं बोटानं नाही म्हटलं. मग हात खाली घेतला आणि शेवटपर्यंत वर केला नाही. खुंट निघाल्यावर तिला तो बघायचा होता. बाईंनी ट्रेमध्ये दाखवला. वाटाण्याएवढाही नव्हता. ती त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिली.

कापसाचा बोळा दाबून धरायचा होता, म्हणून तिला बोलायचं नव्हतं. आम्ही चालत घरी आलो. घरी तिला पाटावर बसवलं, पाणी आणलं, गार दूध आणलं. बोळा काढल्यावर तिनं चूळ न भरता तसंच थोडं दूध घेतलं, बाईंनी सांगितलं होतं तसं. मग मी विचारलं, मला का सांगितलं नाहीस?

"सांगून काय झालं असतं? परत त्याच्याकडंच नेलं असतं तुम्ही."

तेही खरं होतं. दुसरं कोण होतं?

"आन तुम्ही लई खुशीत हुता," ती म्हणाली. गाल बधिर होता म्हणून शब्द जड येत होते. "सायकलवर मला मागं बसवलं हुतं. वाटंत भेटंल त्याला थांबून सांगत हुता, हिची दाढ काढून आणली, आता आराम पडंल. मी मागं बसून ऐकत हुते. म्हटलं, जाऊ दे. ह्यांचा एवढा जीव शांत झालाय."

"आणि दुखायचं तेव्हा?"

"लई ठणकायला लागलं की गिरणीत यायचे. तितं कण्हलं तरी कुणाला ऐकू जात न्हाई."

दुपारची ती गिरणीत येऊन बसायची. पट्टा फिरत असायचा, पीठ उडत असायचं, ती कोपऱ्यात डब्यांजवळ बसलेली असायची. मी इकडून हात हलवायचो, ती तिकडून हलवायची. मला वाटायचं, घरी करमत नाही म्हणून येते.

मी तिला म्हणालो, आता इथून पुढं काही दुखलं तर मला सांगायचं. लहान असो, मोठं असो. मला वाईट वाटेल म्हणून गप्प बसायचं नाही.

"बरं," ती म्हणाली. थोडं दूध घेतलं. "आन तुम्ही खोटं दात दुखवून घेऊ नका. तुम्हाला जमत न्हाई."

मिरजेचा रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. पण चट्टा त्याच वाटेवरचा होता, असं डॉक्टर म्हणाले. दर तीन महिन्यांनी मगदूमबाई कॅमेऱ्यानं फोटो काढायच्या आणि मागचा फोटो शेजारी ठेवून दाखवायच्या. चट्टा किती मागं सरकला ते वैजयंता स्वतः बघायची आणि घरी येऊन मला बोटाच्या पेरावर दाखवायची. मिसरी सुटायला फार त्रास झाला. डोकं दुखायचं, माझ्यावर खेकसायची, बडीशेप चघळायची. दोनदा पुन्हा सुरू केली, आणि दोन्ही वेळा तिनंच मला येऊन सांगितलं. मग सुटली ती सुटली.

त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. मागच्या चैत्रात गेली. तोंडाच्या दुखण्यानं नाही, किडन्या गेल्या होत्या. शेवटी मिरजेच्या दवाखान्यात होतो. शालन आली होती, ती रडायची आणि आईला विचारायची, बरं वाटतंय का. पोरीला बरं वाटावं म्हणून तरी वैजयंता हो म्हणेल, असं मला वाटायचं. ती म्हणायची नाही. कुठं दुखतं, कधीपासून दुखतं, कालच्यापेक्षा जास्त की कमी, सगळं सांगायची. नर्स म्हणाली, अशी पेशंट असली की आम्हाला सोपं जातं. औषध बरोबर देता येतं.

शेवटच्या दिवशी दुपारी ती जागी झाली. शालन चहा आणायला खाली गेली होती. मी विचारलं, दुखतंय का?

"व्हय," ती म्हणाली. "डावीकडं, कमरंच्या वर."

मी तिथं हात ठेवला. तिनं माझा हात धरून जरा खाली सरकवला, नेमका जिथं हवा होता तिथं, आणि डोळे मिटून घेतले.